भाऊबीजेची बिघाड-यादी

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळतो. एकोणतीस वर्षं झाली. स्टोअर्समध्ये यादीत नसलेली वस्तू म्हणजे नसलेलीच वस्तू, आणि ही सवय कारखान्याच्या गेटवर ठेवून घरी येता येत नाही. आमच्या फ्रिजच्या दारावर किराण्याची यादी असते, कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने गाद्या-चादरींची, आणि प्रवासाच्या प्रत्येक बॅगेत वरच्या कप्प्यात त्या बॅगेत काय काय आहे याची. बायको एकदा माहेरी गेली तेव्हा तिच्या बॅगेतली यादी तिच्या आईने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवली. तेव्हापासून बायकोची बॅग बायकोच भरते.

हे आधीच सांगून टाकलं. पुढे जे झालं त्यात चूक कोणाची, याबद्दल शंका राहायला नको.

आम्ही तीन भावंडं. थोरली ताई कळवणला दिलेली, मधला मी नाशकात सिडकोत, आणि धाकटा मेलबर्नला. आई माझ्याकडे असते. ताईचं माहेर म्हणजे आमचंच घर, त्यामुळे भाऊबीज कायम आमच्याकडे. ताई आणि दाजी सकाळच्या एसटीने यायचे. दारात रिक्षा थांबली की आधी पोतं उतरायचं, मग ताई, मग रिक्षावाल्याशी गप्पा संपवून दाजी. पोत्यातून पिशव्या निघायच्या: भुईमुगाच्या शेंगा, नागलीचे पापड, कुरडया, बिबड्या. प्रत्येकाची पिशवी वेगळी आणि तिच्या तोंडाला वेगळ्या रंगाची चिंधी. नाव कुठे लिहिलेलं नसायचं. धाकट्याला कुरडया जास्त, आईच्या पापडात तिखट कमी, हे सगळं चिंधीच्या रंगावरून ताईला कळायचं. धाकटा परदेशी गेल्यावरही त्याची पिशवी येत राहिली. ती आम्ही खायचो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी दाजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. काठी टेकत ते अंगणापर्यंत जात, पण एसटीची पायरी चढणं शक्य नव्हतं, आणि त्यांना एकटं सोडून ताईने येणंही शक्य नव्हतं. आम्ही जायचं तर आईला तासाभराच्या वर गाडीत बसवत नाही, आणि मला दिवाळीनंतर लगेच स्टॉकची मोजणी होती. म्हणजे यंदा भाऊबीज नाही, असं मी मनात लिहून टाकलं होतं.

तेवढ्यात भाचीचा फोन आला. भाची म्हणजे ताईची मुलगी, बंगळुरूला नोकरी करते.

"मामा, ऑनलाइन करू या ना. आमच्या ऑफिसात करतात. सगळ्यांची नावं एका साइटवर टाकायची, साइट चिठ्ठ्या काढते. ज्याला ज्याचं नाव येईल त्याने त्याला भेट पाठवायची. कोणाला कोण आलंय ते गुप्त. भाऊबीजेला व्हिडिओ कॉलवर सगळ्यांनी पार्सलं उघडायची."

"आणि मी काय करायचं?"

"तू फक्त यादी कर."

शेजारी भाजी निवडणाऱ्या बायकोने हे ऐकलं आणि भाचीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "झालं. आता दिवाळीपर्यंत हे आम्हाला मिळत नाहीत."

त्या संध्याकाळी मी तक्ता केला. नऊ नावं: आई, मी, बायको, हैदराबादला असलेला आमचा मुलगा, ताई, दाजी, भाची, धाकटा आणि धाकट्याची बायको. धाकट्याची मुलगी सहा वर्षांची, म्हणून तिला यादीबाहेर ठेवलं. प्रत्येक नावापुढे पत्ता, भेट पाठवल्याची तारीख, कुरिअरचा नंबर, पोचल्याची तारीख. खाली आठ नियम. नवरा-बायकोने एकमेकांना द्यायचं नाही, हा दुसरा. चौथा होता, 'खाद्यपदार्थ पाठवू नयेत.' आदल्या वर्षी मेलबर्नला पाठवलेला चिवडा तिथल्या कस्टम्सने अडवला होता आणि धाकट्याला त्याबद्दल रीतसर पत्र आलं होतं. खरं तर हा नियम परदेशी पार्सलांपुरता पुरला असता. पण एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा असा नियम मला लिहिता येत नाही. मी तो सर्वांना लावला आणि तक्ता सगळ्यांना पाठवला.

सोबत एक फॉर्म होता. त्यात एकच प्रश्न: 'तुम्हाला काय हवं? तीन वस्तू लिहा.' उत्तर लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही, अशी सोय मी करून ठेवली होती.

दोन दिवसांत उत्तरं आली. भाचीने तीन वस्तू लिहिल्या होत्या, मुलाने पाच. बाकीचे सगळे असे:

दाजी: काही नको.

धाकटा: काही नको रे दादा, इथे सगळं मिळतं.

धाकट्याची बायको: तुमचे आशीर्वाद.

बायको: नको. नको. नको.

तीन वस्तू लिहा म्हटलं होतं ना, म्हणून तीनदा. आईचा फॉर्म मी समोर बसून भरायला घेतला.

"आई, काय हवं तुला?"

"मला या वयात काय हवंय?"

"तसं नाही चालत. फॉर्म पुढे जात नाही."

"मग नको जाऊ देऊ."

आमच्या घरात, आणि मला वाटतं आमच्यासारख्या बऱ्याच घरांत, काय हवं असं थेट विचारलं की माणूस 'काही नको' म्हणतो. हव्यास दिसेल अशी भीती असते. देणाऱ्याने ओळखावं आणि घेणाऱ्याने 'कशाला आणलंत' म्हणावं, ही रीत. ती मला माहीत होती. फॉर्म करताना मात्र आठवली नाही.

ताईचं उत्तर सगळ्यांत शेवटी आलं. भाचीने तिला ईमेल काढून दिला होता आणि टाइप कसं करायचं तेही शिकवलं होतं. तिने लिहिलं होतं, 'काही नको. मला यादीतून वगळ.'

मी लगेच फोन लावला.

"ताई, वगळ म्हणजे काय?"

"म्हणजे नाव काढ. आठजण पुरेत तुम्हाला."

"पण का?"

"अरे, मी काय देऊ? तुझे नियम वाचले मी चष्मा लावून. खायचं नको म्हणतोस. कुरिअरनेच पाठवा म्हणतोस. मला जे करता येतं त्यातलं एकही तुझ्या यादीत बसत नाही."

"दुकानातून काहीही घे. मी तुला दहा वस्तूंच्या लिंका पाठवतो, त्यातली एक निवड. पाठवायचं मी बघतो."

ती म्हणाली, "म्हणजे निवडणार तू, पाठवणार तू. मग नाव तरी माझं कशाला?" आणि दाजींच्या औषधाची वेळ झाली म्हणून तिने फोन ठेवला.

बायकोने सगळं ऐकलं होतं. "ताईंना तुम्हीच कस्टम्समध्ये अडकवलंत," ती म्हणाली.

आईने हातातली वात पूर्ण वळून झाल्यावर तोंड उघडलं. "ती एकदा पंगतीतून उठली की परत बसत नाही. लक्षात ठेव." हे खरं होतं. आमच्या फॅमिली ग्रुपवर कोणीतरी तिच्या लांब निरोपाला नुसता अंगठा दाखवला म्हणून ती ग्रुपमधून बाहेर पडली होती, तीन वर्षांपूर्वी. अजून बाहेरच आहे. आता माहेरी येणंही होत नव्हतं. त्यात या यादीतूनही तिचं नाव गेलं असतं तर पुढच्या दिवाळीला ते परत घालायला तिने दिलं नसतं. मेलबर्न लांब आहे हे आम्ही धरूनच चालतो. कळवण लांब होऊ द्यायचं नव्हतं.

उपाय मला कारखान्यात सापडला. आमच्याकडे सूचनापेटी आहे. 'कामगारांनी आपल्या गरजा व सूचना लिहाव्यात.' ती उघडली की आतून गुटख्याच्या पुड्या निघतात. त्याच भिंतीवर बिघाडाची वही टांगलेली असते, कोणतं मशीन बंद पडलं, काय आवाज करतंय ते लिहायची. ती वही दर दोन महिन्यांनी भरते. काय हवं ते कोणी सांगत नाही. काय बिघडलंय ते सांगायला मात्र सगळे उभ्या उभ्या तयार असतात.

जेवणाच्या सुट्टीत मी फॉर्म उघडला आणि प्रश्न बदलला. 'तुमच्या घरात सध्या काय बिघडलंय, संपलंय किंवा बंद पडलंय?'

दुपारी चारपर्यंत सात उत्तरं.

दाजी: काठीचं खालचं रबर झिजलंय. फरशीवर घसरते. डॉक्टर म्हणतो चाला, काठी म्हणते पडा.

भाची: पोळपाट हलतो. एका पायाखाली पुठ्ठा घालते.

मुलगा: चादर एका कोपऱ्यातून रोज रात्री निघते.

धाकटा: उजव्या चपलेचा अंगठा.

बायको: घरातला एक माणूस सारख्या याद्या करतो. दुरुस्त होत असल्यास पाहावे.

धाकट्याच्या बायकोने सगळ्यांत लांब लिहिलं होतं. वस्तू सगळ्या चालू आहेत, मुलीचं मराठी बंद पडलंय. मी बोलते ते तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच देते. पुस्तकं आणली, गाणी लावली, काही उपयोग नाही.

आई तर फोनवर सांगता सांगता थांबेना. कॅलेंडरवरची अक्षरं दरवर्षी बारीक करतात, देव्हाऱ्यातला दिवा एका बाजूला कलतो, शेजारच्यांचं दार वाजतं, माझं गुडघ्याचं तेल सून माळ्यावर ठेवते. मी लिहून दमलो.

ताईचं उत्तर संध्याकाळी आलं. 'चष्म्याची काडी सैल झालीय. वाकलं की चष्मा पिठात पडतो.' मी फोन केला तेव्हा ती हसत होती.

"हे बरं विचारलंस. ह्यांनी तर माझ्याकडून तीनदा लिहून घेतलं. आधी म्हणे 'बायको बिघडली' असं लिही."

"मग नाव ठेवू ना?"

"ठेव. पण काय द्यायचं ते माझं मी बघीन. लिंका पाठवू नकोस."

मी तक्त्यात तिच्या नावापुढे हिरवा रंग भरला.

घटस्थापनेनंतर दोन-तीन दिवसांनी साइटने चिठ्ठ्या काढल्या आणि ज्याला त्याला ईमेल गेला. मला दाजी आले. मी काठीच्या मापाची रबरं शोधली आणि एक डझन मागवली. एक झिजल्यावर पुढचं कुठे शोधायचं? सगळं गुप्त राहिलं पाहिजे, असा सातवा नियम होता. तो दीड दिवस टिकला. कारण आमच्या घराण्यात कोणाला काय द्यावं हा प्रश्न पडला की माणूस आईला फोन करतो. धाकट्याने मेलबर्नहून केला, मुलाने हैदराबादहून केला, भाचीने आजीला केला आणि वर सांगितलं, "मामाला सांगू नकोस हं." माझी बायको तर स्वयंपाकघरातून उठून आईच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मीही एकदा विचारलं, दाजींना काळं रबर आवडेल की तपकिरी. आठवडाभरात कोणाला कोण आलंय हे आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं आणि आईला सगळं तोंडपाठ होतं.

"सगळं नाही," ती म्हणाली. "ताईचं नाही. तिने विचारलंच नाही."

ही गोष्ट मला खटकली. दिवाळी दहा दिवसांवर आली तशी तक्त्यात आठ कुरिअर नंबर भरले गेले. नववा रकाना रिकामा. ताईला कोण आलं असेल हे काढणं अवघड नव्हतं. कोणाला काय द्यावं हे कोणीच विचारलं नाही, ते आईला विचारलं. "धाकट्याच्या बायकोबद्दल मला कोणीच काही विचारलं नाही बघ," ती म्हणाली. म्हणजे ताईला धाकट्याची बायको आली होती आणि मेलबर्नला पार्सल पोचायला वेळ लागतो.

"ताई, पाठवलंस का?"

"पोचलं."

"पोचलं? कोणत्या कुरिअरने? नंबर दे ना, रकाना भरायचाय."

"अरे पोचलं म्हणते ना. माझं मी पोचवलं."

मी धाकट्याला विचारलं, ताईचं काही आलं का. तो म्हणाला, "अं... नाही, म्हणजे, बघतो," आणि त्याचा आवाज तुटला. कारखान्यात माल आलाय आणि इनवर्डच्या वहीत नोंद नाही असं होत नाही. मी समजलो ते असं: ताईला काही सुचलं नाही, पाठवायचं कसं ते कळलं नाही, आणि ते सांगायला ती तयार नाही. भाऊबीजेला सगळ्यांची पार्सलं उघडतील आणि तिची भेट नसेल. सगळ्यांसमोर. त्यानंतर ती कधीच यादीत राहणार नाही.

स्टोअर्समध्ये अशा वेळेसाठी राखीव माल ठेवतात. मी मेलबर्नमधल्याच एका दुकानाच्या साइटवर चहाची किटली आणि चार कप पसंत केले, धाकट्याचा पत्ता घातला, आणि चिठ्ठीच्या जागी लिहिलं, 'सप्रेम भेट, ताईकडून.' नंबर आला. नववा रकाना भरला. मग बायकोला सांगितलं.

"ताईंना विचारलंत?"

"वेळ नव्हता."

"कळवणला फोन लागायला किती वेळ लागतो?"

मी म्हणालो, ऐनवेळी ताईची पंचाईत होऊ नये म्हणून केलंय, लागलं नाही तर कोणाला कळणारही नाही. ती म्हणाली, "किटली कळणार नाही?" आणि चकल्या तळायला गेली.

भाऊबीजेला सकाळी दहाला आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. मोठ्या पडद्यावर पाच चौकोन. मेलबर्नला दुपारचे साडेतीन. तिकडे उन्हाळा सुरू होत होता, धाकटा अर्ध्या चड्डीवर वरून कुर्ता घालून बसला होता. कळवणच्या चौकोनात दाजींनी फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता, त्यामुळे ताई हनुवटीपासून वर आणि दाजी कानापासून मागे दिसत होते.

ताईने आधी ओवाळलं. निरांजन फोनसमोर तीनदा फिरवलं, मग धाकट्याच्या चौकोनात कुंकू लावायला बोट टेकवलं आणि चुकून कॉलच बंद केला. परत जोडून दिल्यावर माझी पाळी. माझ्या कपाळाला लावताना तिने दाजींना बाजूला केलं आणि एक बोट बेताने टेकवलं. तिच्या फोनवर मला कुंकू लागलं असावं, कारण पुढचा सगळा वेळ ती माझ्याशी बोलताना फोन पदराने पुसत होती.

पार्सलं उघडायला सुरुवात झाली. दाजींनी बारा रबरं मोजली आणि म्हणाले, "मेव्हणे, एक पाय आहे काठीला." भाचीचा नवा पोळपाट सागवानी होता, तो तिने सगळ्यांना टेबलावर ठेवून, हलवून दाखवला. बायकोला भाचीने पाठवलेलं पार्सल इवलंसं होतं. आत रबरी शिक्का निघाला, दुकानातून बनवून घेतलेला. त्यावर अक्षरं होती, 'नामंजूर'. सोबत शाईची डबी. बायकोने तिथल्या तिथे माझ्या हातातल्या कार्यक्रमाच्या कागदावर तो मारून पाहिला. छान उमटला.

मग मेलबर्न. धाकट्याच्या बायकोने खोका उघडला, किटली वर धरली, चिठ्ठी वाचली. "ताई, अहो किती सुरेख. पण एवढं कशाला?"

ताई फोनच्या अगदी जवळ आली. "हे काय आहे?"

"तुम्ही पाठवलंत ना? लिहिलंय, सप्रेम भेट, ताईकडून."

"मी कधी 'सप्रेम' म्हणते का गं कोणाला?"

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्याने केलं असेल."

बायको तर माझ्याकडे बघतच होती. मी सांगून टाकलं. रकाना रिकामा होता, दिवस कमी होते, म्हणून मागवलं.

"म्हणजे तुला वाटलं मी काही देणार नाही," ताई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

मी 'हो' म्हणालो. दुसरं काही म्हणता आलं नसतं.

ताई उठली. चौकोनात भिंत उरली आणि भिंतीवरचा खिळा. दाजींचा आवाज आला, "बस ना, काय शे त्याच्यात," आणि भांडं ठेवल्याचा आवाज. मला आईचं पंगतीचं बोलणं आठवलं.

तेवढ्यात मेलबर्नच्या चौकोनात धाकट्याची मुलगी घुसली. बापाच्या मांडीवर चढून तिने कॅमेऱ्यात तोंड घातलं आणि ओरडली, "आत्या! तू कोठे जाई राहिनी?"

धाकट्याच्या बायकोच्या हातातली किटली तशीच राहिली. "काय म्हणालीस तू?"

मुलगी आईकडे वळून समजावून सांगावं तशी म्हणाली, "आत्या उठी गयी ना."

कळवणच्या भिंतीसमोर ताईचं डोकं परत आलं. "नाही गं, आठेच शे मी," ती म्हणाली, म्हणजे इथेच आहे. मग आमच्याकडे बघून: "मी सांगितलं होतं. पोचलंय म्हणून."

चिठ्ठी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ताई रोज साडेदहाला मेलबर्नला फोन लावत होती. मुलगी तेव्हा शाळेतून आलेली असते, तिची आई कामावर असते, धाकटा घरूनच काम करतो. त्याला ताईने शपथ घातली होती, म्हणून माझ्या प्रश्नावर तो तसा बोलला. ताई फोन घेऊन अंगणात फिरायची. शेळी दाखवायची, शेळीची दोन करडं, दाजींची चालण्याची फेरी. मुलीने इंग्रजीत विचारलं की ताई म्हणायची, मला नाही कळत. खरंच कळत नव्हतं. करडाचं नाव कोणी ठेवायचं यावर दोघींचं चार दिवस भांडण चाललं होतं आणि भांडायला मुलीला शब्द लागले. ताई पस्तीस वर्षं कळवणला आहे. आमच्याशी बोलताना ती नाशिकचं बोलते, पण अंगणात, शेळीशी आणि दाजींशी ती अहिराणी बोलते. मुलगी अंगणातलं शिकली.

धाकट्याची बायको पुण्याची. तिने एक श्वास घेतला. "ताई, म्हणजे मला... मी मराठी म्हटलं होतं."

"हो गं. पण कुठलं ते लिहिलं नव्हतंस."

या मुद्द्यावर मी ताईच्या बाजूने होतो. मागणीपत्रात तपशील नसेल तर आलेला माल परत करता येत नाही. मी तसं म्हणालोही, आणि बायकोने माझ्या कागदावर दुसरा शिक्का मारला.

मुलगी तोपर्यंत आईचा कुर्ता ओढत होती. "माय, माले भूक लागनी." धाकट्याची बायको तिच्याकडे बघत राहिली. दीड वर्षांत मुलीने आपण होऊन तिला इंग्रजीशिवाय काही मागितलं नव्हतं. ती उठली आणि खायला काढायला गेली. जाताना किटली घेऊन गेली.

कॉल संपल्यावर पाचेक मिनिटांनी ताईचा वेगळा फोन आला. मी बाल्कनीत जाऊन घेतला.

"पुन्हा माझ्या नावाने काही पाठवायचं नाही."

"नाही पाठवणार."

"रिकामं दिसलं तर विचारायचं. मी नाही सांगितलं तर गप्प बसायचं."

"हो."

"किटली कशी होती?"

"बरी आहे. निळी."

"मला नाही आवडली," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तो राग उतरायला दोन दिवस लागले. मी त्या दोन दिवसांत चौथा नियम परदेशापुरता केला आणि तक्त्यातला कुरिअर नंबरचा रकाना काढून टाकला. तिथे आता फक्त 'पोचलं का' असं आहे आणि उत्तर ज्याला मिळालं त्याने द्यायचं. ताईचं नाव तसंच ठेवलं. तिने काढायला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला दाजींना गुडघा दाखवायला नाशिकला आणायचं होतं. डॉक्टरांची वेळ ठरवायला मी ताईला कारखान्यातून फोन लावला, तर फोन दुसऱ्या कॉलवर. वीस मिनिटं लावत होतो. अकराला तिचाच आला.

"कामात होते. तू अकरानंतर करत जा."

मी डॉक्टरांची वेळ सांगायला लागलो. तिने मला मध्येच थांबवलं. "ते राहू दे. आधी सांग, तिकडच्या शेळ्यांना दाढी असते का रे? धाकट्याची पोर विचारत होती. मला उद्यापर्यंत उत्तर द्यायचंय."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं, शोधून पाहिलं आणि तिला सांगितलं. असते.